चाल गेली की पद गेले : नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती भजनाचा ठेवा



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, पाणी आणि रोगकिडी यांची माहिती वाचता. आजचा विषय वेगळा आहे, पण शेतीवाडीपासून तो फार लांबचा नाही.

रविवारी सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास राहुरी, नेवासा, श्रीरामपूर किंवा शेवगाव तालुक्यातल्या एखाद्या गावातून आपण मोटारसायकलवर चाललात, तर गावाच्या एका कडेने पेटी-तबल्याचा आवाज कानी येतो. नवख्या माणसाला वाटते, सप्ताह बसला आहे. जवळ गेल्यावर कळते, की हे ख्रिस्ती देऊळ आणि आत उपासना चालू आहे. टाळ तेच, ठेका तोच, अभंगाची चालही आपल्या ओळखीची. एकजण ओळ सांगतो आणि सगळी मंडळी झील धरते. फक्त नाव येशू ख्रिस्ताचे असते.

हे गाणे आपल्या जिल्ह्यात असे मराठी कसे झाले, त्याने वस्तीला काय दिले आणि आज ते कशामुळे अडचणीत आहे, हे सांगायचे आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जुन्या गोष्टी सांगताना मात्र तोंडात नगर हेच येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे.)

दयेची झाली 'दाया'

अमेरिकन मिशनचे लोक मुंबईला आले १८१३ साली आणि नगरला त्यांनी ठाण मांडले १८३१ साली. मंडळी जमली तसे गायनही सुरू झाले. पण ते गायन कसले? इंग्रजी गीताचे मराठी करायचे आणि विलायती चालीवर म्हणायचे. नगरचे मिशनरी हेन्री बॅलंटाईन यांनी अशी पुष्कळ गीते मराठीत आणली. मेहनत मोठी होती, यात शंका नाही. अडचण होती ती चालीची.

आता बघा, इंग्रजी गाण्यात शब्दाच्या ज्या भागावर जोर येतो तिथे सूर टेकतो. मराठीत जोराला तेवढी किंमत नाही, अक्षर आखूड की लांब याला किंमत आहे. 'दया' या शब्दात 'द' आखूड, 'या' लांब. विलायती चालीत सूर 'द' वर ताणला गेला की दयेची 'दाया' होते. 'कृपा' या शब्दाचीही तीच गत. म्हणणारा मनापासून म्हणतो, पण ऐकणाऱ्याच्या काळजात शब्द रुजत नाही. रान मुरमाड आणि बियाणे काळ्या जमिनीचे, त्यातला प्रकार.

ही नाडी नगरच्याच माणसांनी ओळखली. १८६० च्या दशकात इथल्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यात प्रथम घ्यावे लागते. हातात चिपळ्या, मागे टाळकरी, मध्ये साकी, दिंडी, आर्या, पद आणि आख्यान बायबलमधले. आपल्या वाट्याची जिनगी बापाकडून मागून घेऊन परमुलखात गेलेला, सगळे उडवून शेवटी डुकरे राखणारा धाकटा मुलगा येशूने आपल्या दाखल्यात सांगितला आहे. ही गोष्ट कीर्तनातून ऐकल्यावर शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वाटणीचे दुःख कुणाच्या घरात नाही?

तसे पाहिले तर मराठी छंदात ख्रिस्ताची कथा सांगण्याचा उद्योग याआधीही झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात 'ख्रिस्तपुराण' लिहिले. दहा हजारांवर ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली छापून निघाला. तिकडच्या देवळांतून लोक तो वाचत, गात. परंतु पोर्तुगीज सरकारने पुढे देशी भाषेवर बंदी घातली आणि तो ओघ आटला. नगरला तसे झाले नाही. इथे ओघ वाढत गेला.

टिळकांचा हात

हा ओघ वाढवणारा मोठा माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. ब्राह्मण घराणे, संस्कृतचा अभ्यास, कीर्तन आणि कविता हाताशी. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्यांची कर्मभूमी झाली ती नगर. राहुरीलाही त्यांचा मुक्काम होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात त्या दिवसांचे नगर आणि राहुरी जिवंत सापडते. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी गावच्या वाचनालयातून जरूर आणावे. शेतकऱ्याच्या घरात वाचायला इतके सोपे आणि इतके हसवणारे पुस्तक मराठीत दुसरे क्वचितच. बालकवी ठोंबरे हे याच टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले होते.

टिळक म्हणत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्याच वाटेने. त्यांच्या पदांतही ते दिसते. शब्द साधे, अक्षरांचा हिशेब चोख, चाल लोकांच्या ओठांवरची. अभंग लिहिला तर तो टाळावर बसतो, ओवी लिहिली तर जात्यावर बसते. 'अभंगांजली' हे त्यांचे पुस्तक त्याच वळणाचे. 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य मात्र त्यांच्या हातून अपुरे राहिले. टिळक १९१९ साली गेले आणि ते काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने नवऱ्याचे महाकाव्य पुरे करावे, ही गोष्ट लहान नव्हे.

आज प्रॉटेस्टंट देवळांतून 'उपासना संगीत' हे गायनाचे पुस्तक चालते. त्यात टिळक आणि सांगळे यांची पदे मोठ्या संख्येने आहेत. उपासना चालवणारा पदाचा क्रमांक सांगतो, पाने फडफडतात, पेटीवाला सूर धरतो. म्हाताऱ्यांना पुस्तक लागत नाही.

कॅथलिक बाजूची हकीकत थोडी निराळी. राहुरी तालुक्यात केंदळ इथे जेझुइट फादर १८७८ च्या सुमारास आले आणि तिथून त्यांचे काम इतर तालुक्यांत पसरले. त्यांची मिस्सा मात्र लॅटिन भाषेत असे. १९६२ ते १९६५ या काळात रोमला धर्मसभा भरली आणि लोकभाषेत मिस्सा करण्याची मोकळीक मिळाली. मग मराठी गीते आणि भजने थेट वेदीपाशी आली.

गावकुसाबाहेरचा आवाज

या मंडळ्यांतली बहुतेक घरे पूर्वीच्या महार आणि मांग समाजातली. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे खेड्यापाड्यांतून पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. पोटासाठी झाली, असे तेव्हाही म्हटले जाई आणि आजही पारावर कुणीतरी म्हणतोच. दुष्काळात पोट सगळ्यांनाच असते. पण नुसत्या पोटासाठी आलेली माणसे चार-पाच पिढ्या पदे म्हणत बसत नाहीत, असे मला वाटते.

ज्या माणसाला गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्याला इथे पुढे बसून टाळ वाजवता आला, ही खरी गोष्ट. गळा तर या समाजाकडे आधीपासूनच होता. एकतारीवरचे भजन, हलगी, डफ यांची परंपरा घरोघर होती. ती वाया गेली नाही, देवळात आली. शिवाय पद म्हणायचे तर पुस्तक वाचता यायला हवे. नगरला सिंथिया फरार या मिशनरी बाईंनी १८३९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत मुलींच्या शाळा चालवल्या. त्या काळी खेड्यातली एखादी ख्रिस्ती बाई पदांचे पुस्तक उघडून वाचते आहे, हे दृश्य सबंध गावाला नवे होते.

मंडळी म्हणजे ग्रामसभाच

अमेरिकन मिशनच्या पंथाचा कारभारही समजून घेण्यासारखा आहे. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण पाही. पाळक कोण, पंच कोण, दानाचा हिशेब काय, हे सभासदांनी बसून ठरवायचे. ग्रामसेवक मंडळींना यात ग्रामसभा दिसेल. पुढे १९७० साली नागपूरला अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, बिशप आले, वरची कार्यालये आली. तरी गावपातळीवर बसून बोलायची सवय राहिली आहे.

सगळे गोडच आहे, असे मात्र समजू नका. जुन्या मिशनच्या मिळकतींचे वाद आहेत, कोर्टकज्जे आहेत, पाळकांच्या बदलीवरून दोन तट पडलेले आहेत. शेजारी बसून एकच पद म्हणणारी दोन घरे बांधावरून बोलत नाहीत, असेही आहे. पण त्यांना आठवड्यातून एकदा एका चटईवर बसावे लागते. शेतीच्या भांडणात एवढी संधीसुद्धा कितीजणांना मिळते?

माझ्या कामाचा अनुभव सांगतो. मंगळवारी अकरा वाजता पंचायतीत शेतकरी मेळावा लावला, तर खुर्च्या जास्त आणि माणसे कमी. तीच माहिती रविवारी उपासना सुटल्यावर देवळाच्या ओसरीवर दिली, तर माणसे तर थांबतातच, बायकाही थांबतात आणि प्रश्न जास्त बायकाच विचारतात. बीजप्रक्रिया घरात कोण करते हे ज्याला माहीत आहे, त्याला याचे महत्त्व सांगायला नको. मात्र कृषी खात्याच्या माझ्या मित्रांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पाळकसाहेबांना किंवा फादरना आधी विचारावे, पंधरा मिनिटांच्या वर बोलू नये आणि खताच्या कंपनीचा फलक सोबत नेऊ नये.

कोंबडी तीनदा विकली जाते

या सगळ्या समाजजीवनात शेतकऱ्याने मुद्दाम पाहावा असा दिवस म्हणजे कापणीच्या उपकारस्तुतीचा. कुठे तो खरीप निघाल्यावर होतो, कुठे रब्बीच्या मळणीनंतर. त्या रविवारी वेदीसमोर ज्वारीची कणसे, गव्हाच्या पेंढ्या, कांद्याची गोणी, दुधी, शेवग्याच्या शेंगा, अंड्यांची टोपली मांडली जाते. पाय बांधलेली कोंबडी पदाच्या मध्येच ओरडते. एखादा करडू घेऊन येतो. ज्याच्याकडे जमीन नाही तो मजुरीतले दोन शेर धान्य आणतो. ते दोन शेरही गोणीच्या शेजारीच ठेवलेले असतात.

उपासना झाली की अंगणात लिलाव. इथे बाजारभाव चालत नाही. एक लिंबू शंभराला जाते, घेणारा ते परत दानात टाकतो आणि पुन्हा बोली सुरू. कोंबडी तीनदा विकली जाते आणि शेवटी ज्याच्या घरी पाहुणे असतील त्याच्याकडे जाते. बोली थंडावली, की पेटीवाला एखादे धृपद उचलतो, हशा होतो, पुन्हा आकडा वर जातो. जमलेल्या पैशातून देवळाचे पत्रे बदलतात, पाळकाच्या पगाराला भर पडते, एखाद्याच्या दवाखान्याचे बिल भागते. गावातले हिंदू-मुसलमान शेजारीही लिलावाला उभे राहतात. मी पाहिलेल्या एका लिलावात पहिली बोली मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याने लावली होती. त्याचेही कारण आहे, देवळाची पेटी दुरुस्तीला गेली की मारुतीच्या देवळातली पेटी इकडे येते.

मयताच्या घरीही गाणेच असते. रात्री ओटीवर मंडळी बसतात, पदे म्हणतात, पहाटे उठून जातात. कोणी काय बोलावे, हा प्रश्न त्या रात्री पडत नाही.

मोठा मेळा पाहायचा तर सप्टेंबरमध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला जावे. जुन्या बेलापूर साखर कारखान्याचे हे गाव. इथली मतमाउलीची यात्रा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाली. मारियामातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर, त्याच्या आगेमागे ती भरते. शेजारच्या जिल्ह्यांतूनही लोक येतात. पायी येणाऱ्यांच्या पुढे झेंडा, तोंडी भजन. आषाढीची दिंडी ज्याने पाहिली आहे त्याला काहीच परके वाटणार नाही.

आणि या समाजजीवनातून शेतीला काय मिळाले, असे कोणी विचारले तर फादर हर्मन बाखर यांचे नाव सांगावे. स्वित्झर्लंडमधून आलेला हा जेझुइट नगर जिल्ह्यात राहिला. १९८९ नंतरचा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही अट सबंध गावाला असे, एकट्या ख्रिस्ती वस्तीला नव्हे. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडी, म्हसवंडीच्या डोंगरावरचे समतल चर आजही जाऊन पाहता येतील. बाखर २०२१ साली वारले.

अडचण कुठे आहे

आता मुख्य मुद्दा. पदांच्या पुस्तकात शब्द छापलेले असतात. चालीच्या जागी कुठल्यातरी जुन्या नाट्यपदाचे किंवा लोकगीताचे पहिले शब्द दिलेले असतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती नाटके गाजत होती, तेव्हा तेवढी खूण पुरे होती. आज ते नाट्यपद कोणाला येत नाही. म्हणजे चाल आता कागदावर नाही, ती फक्त गळ्यात आहे. आणि तो गळा बहुतेक ठिकाणी सत्तरीच्या पुढचा आहे. तो माणूस गेला, की पुस्तकात पद राहते, पण म्हणता येत नाही. ज्या पदाला आज 'हे आपण म्हणत नाही' असे सांगतात, ते पुष्कळदा वाईट म्हणून सुटलेले नसते. त्याची चाल जाणणारा माणूस गेलेला असतो.

तरुण मंडळी पुणे, पिंपरी-चिंचवडला कामाला गेली. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांचा नाताळ कारखान्याच्या कोपीवर होतो. गावात उरलेला तबलजी रात्रीच्या लाईटच्या पाळीत गव्हाला पाणी देत असतो, मग सराव कसा व्हायचा? पूर्वी नाताळच्या आधी गॅसबत्ती घेऊन गाणारी पोरे वस्त्यावस्त्यांवर उसाच्या कडेने चालत जात. आता बिबट्याच्या भीतीने ती पिकअपमधून जातात आणि लांबची एकटी वस्ती राहून जाते. त्यात देवळात की-बोर्ड आला. मोबाईलवरची हिंदी गाणी पोरांना आवडतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, टिळक-सांगळ्यांनीही त्या काळातल्या लोकप्रिय चालीच उचलल्या होत्या. पण की-बोर्डमधला तयार ठेका एकदा लावला, की तो म्हाताऱ्याच्या श्वासासाठी थांबत नाही. मागे बसलेले हळूहळू गायचे थांबतात आणि ऐकायला लागतात. समोर चौघे गाणारे आणि बाकी श्रोते, असे झाले की ती सभा होते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गावठी वाण नुसते डब्यात ठेवले नाहीत, दर हंगामाला पेरून नवे बी धरले. चालीचेही तसेच आहे. मोबाईलमध्ये भरून ठेवणे हा डबा झाला. तो हवाच, पण पेरणीही हवी.

डब्याचे काम असे करावे. गावातल्या जाणत्या बाई-बाबांकडे दुपारच्या निवांत वेळी जावे, पंखा बंद ठेवावा. एका वेळी पाच-सहाच पदे घ्यावीत, म्हातारी माणसे दमतात. आधी पदाचा क्रमांक, म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख मोबाईलमध्ये बोलून घ्यावी, मग पद. पहिले कडवे बिनपेटीचे घ्यावे, म्हणजे चालीचे वळण स्वच्छ येते, पुढची कडवी पेटीवर. ही चाल कोणाकडून शिकलात, हेही विचारावे. त्याच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. मोबाईल बदलतात, हरवतात, विहिरीत पडतात.

पेरणीसाठी शब्बाथशाळेची मुले आहेत. महिन्याला एक जुने पद, एवढेच ठरवावे. पहिल्या रविवारी आजोबांनी म्हणायचे आणि मुलांनी झील धरायची, चौथ्या रविवारी मुलांनी सांगायचे आणि मंडळीने धरायचे. शाळेच्या शिक्षकांपैकी कोणाला पेटी येत असेल तर त्यांची मदत घ्यावी. मारुतीच्या देवळातला पेटीवाला तर आहेच.

नाताळच्या तालमी नोव्हेंबरअखेरीस सुरू होतात. त्याआधी गावच्या वायरमनकडून त्या आठवड्यांतली थ्री-फेज लाईटची पाळी विचारून घ्यावी आणि दिवसाच्या पाळीच्या आठवड्यात तालमीच्या रात्री धराव्यात. तबलजी मोकळा सापडेल.